होंडाची तीनचाकी: जुनी घ्यावी कशी, जपावी कशी

अमेरिकेत आज कुणी होंडाची तीनचाकी एटीसी विकत घेतो, तेव्हा त्या गाडीने वयाची पस्तिशी कधीच ओलांडलेली असते. होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी या चारही जपानी कंपन्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे नवी तीनचाकी विकणे थांबवले. त्यानंतर बाजारात जे काही आहे ते सगळे सेकंडहँड. तरीही शेतघरांच्या कोठारांत आणि गराजच्या कोपऱ्यांत पडून राहिलेल्या या गाड्या दरवर्षी बाहेर निघतात, नव्या मालकाकडे जातात, खोलल्या जातात आणि पुन्हा सुरू होतात. काहींना लहानपणी चालवलेले तेच मॉडेल हवे असते, काहींना साध्या इंजिनावर हात बसवायचा असतो, तर काहींना वाळूवर आणि बर्फावर या गाडीला जी वेगळीच चाल मिळते तिची ओढ असते.

ही ओढ समजण्यासारखी आहे. मात्र या गाडीचे दोन गुणधर्म खरेदीदाराने आधी नीट समजून घ्यायला हवेत. तिची रचना चुकीला फारशी जागा देत नाही, आणि तिच्या मागे आता कंपनी उभी नाही. नव्या गाडीत कारखाना, विक्रेता आणि वॉरंटी मिळून जी काळजी घेतात, ती इथे एकट्या मालकाला घ्यावी लागते. म्हणूनच या गाडीच्या बाबतीत खरेदी, देखभाल आणि सुरक्षितता हे तीन वेगळे विषय राहत नाहीत.

हिवाळ्यातल्या मंदीतून आलेली गाडी

गोष्ट १९६७ सालची. अमेरिकेतल्या होंडा विक्रेत्यांची एक जुनी अडचण होती. हिवाळा आला की मोटारसायकलींची विक्री थंडावायची. त्या महिन्यांत विकता येईल असे काहीतरी द्या, अशी मागणी जपानमध्ये पोहोचली आणि काम ओसामु ताकेउची या अभियंत्याकडे आले. ताकेउची यांनी दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत वेगवेगळी रूपे करून पाहिली. बर्फ, चिखल आणि भुसभुशीत माती अशा तिन्ही ठिकाणी तीन चाकांची रचना सर्वांत चांगली चालली. पेच टायरचा होता. अरुंद टायर बर्फात रुतायचे. त्या वेळी अमेरिकेत ॲम्फिकॅट नावाची सहा चाकांची, पाण्यातही चालणारी छोटी गाडी मिळायची. तिचे फुगीर, अगदी कमी हवेचे टायर पाहून ताकेउचींना वाट सापडली. असा टायर जमिनीवर पसरतो, गाडीचे वजन मोठ्या भागावर वाटतो आणि म्हणून रुतत नाही.

१९७० मध्ये यूएस९० या नावाने ही गाडी विक्रीला आली. पुढे तिचे नाव एटीसी९० झाले. ८९ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन, सुमारे ७ अश्वशक्ती, हाताने दाबायच्या क्लचची गरज नाही आणि किंमत ५९५ डॉलर. पुढच्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या जेम्स बाँडच्या चित्रपटातल्या पाठलागात ती झळकली. हिवाळ्याची सोय म्हणून जन्मलेली गाडी बाराही महिने विकली जाऊ लागली.

त्यानंतरच्या दीड दशकात तिची पिढी वाढत गेली. मुलांसाठी एटीसी७०, घरगुती वापरासाठी एटीसी११०, मग १८५ आणि २०० सीसीच्या गाड्या. १९८१ मध्ये एटीसी२५०आर आली. टू-स्ट्रोक इंजिन आणि पुढेमागे सस्पेन्शन असलेली ही गाडी सरळ शर्यतीसाठी बनवलेली होती. १९८२च्या ‘बिग रेड’वर सामानाचे कॅरिअर आणि इलेक्ट्रिक स्टार्टर होता, म्हणून शेतकऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी ती उचलून धरली. यामाहाने ट्राय-मोटो आणि ट्राय-झी, कावासाकीने केएलटी आणि टेकाटे, तर सुझुकीने एएलटी बाजारात आणली. मात्र तीनचाकीच्या बाजारावर होंडाची पकड शेवटपर्यंत सैल झाली नाही. आज सुटे भाग शोधताना या गोष्टीला फार मोठे महत्त्व येते, ते पुढे दिसेलच.

१९८८चा करार

विक्रीबरोबर अपघातही वाढले. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार १९८६ या एका वर्षात तीनचाकी आणि चारचाकी एटीव्हींमुळे, म्हणजे कच्च्या जमिनीवर चालणाऱ्या अशा गाड्यांमुळे, जखमी झालेल्या सुमारे ८६ हजार लोकांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे लागले. जखमींमध्ये मुलांचे प्रमाण मोठे होते. सरकारने न्यायालयात धाव घेतली आणि एप्रिल १९८८ मध्ये चार जपानी कंपन्या आणि अमेरिकेची पोलारिस यांच्याबरोबरचा करार न्यायालयाने मंजूर केला. नवी तीनचाकी विकायची नाही, विक्रेत्यांकडे शिल्लक असलेला माल परत घ्यायचा, गाडीवर धोक्याची सूचना लावायची, चालवण्याचे प्रशिक्षण द्यायचे आणि ९० सीसीहून मोठी गाडी १६ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही हे स्पष्ट सांगायचे, अशा त्यातल्या अटी होत्या. कराराची मुदत दहा वर्षांची होती. २००८च्या कायद्याने नव्या तीनचाकीची आयात आणि वितरण पुन्हा रोखले.

आधी विकल्या गेलेल्या गाड्या मात्र लोकांकडेच राहिल्या. त्यांची मालकी किंवा खाजगी विक्री या कराराने बंद केली नाही. म्हणूनच आजचा जुना बाजार अस्तित्वात आहे. सार्वजनिक वाटांवर ही गाडी चालवता येते का, नोंदणी लागते का, याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. गाडी बघायला जाण्याआधीच त्यांची चौकशी केलेली बरी.

ती उलटते कशी

आपल्याकडच्या ऑटोरिक्षालाही तीनच चाके असतात. पण रिक्षाच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शिअल असते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते आणि डिफरन्शिअलमुळे ते चाक जास्त वेगाने फिरू शकते. एटीसीची मागची दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलवर घट्ट बसवलेली असतात. ती कायम सारख्याच वेगाने फिरतात, त्यामुळे हँडल वळवले तरी गाडी सरळच जाऊ पाहते. वळायचे तर आतल्या बाजूचे चाक थोडे घसरावे लागते. त्यासाठी चालक शरीर वळणाच्या आत झुकवतो, पण वजन बाहेरच्या पायटावर टाकतो. माती, वाळू आणि बर्फ यांवर हे सहज जमते. डांबरी रस्त्यावर टायर घसरत नाही, पकड धरून बसतो आणि गाडी अंगावर येते.

दुसरे कारण भूमितीचे. जमिनीला टेकणाऱ्या तीन बिंदूंचा त्रिकोण होतो. मागे तो रुंद असतो, पुढे एका टोकाशी संपतो. वळणावर गाडी उलटते ती पुढचे चाक आणि बाहेरचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवरून. वळता वळता ब्रेक मारला की वजन पुढे सरकते, म्हणजे त्रिकोण जिथे निमुळता आहे तिथे. उतारावर हाच परिणाम अधिक तीव्र होतो. चार चाकांच्या गाडीत ही रेषा बाजूने सरळ जाते, त्यामुळे चालकाला थोडी जास्त मुभा मिळते. नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर किंवा गोव्यात पर्यटकांना भाड्याने देतात त्या एटीव्हींना चार चाके असतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

मोटारसायकलची सवय असलेल्या माणसाला आणखी एक धोका असतो. तोल गेला असे वाटताच पाय खाली टेकवायची त्याला सवय असते. एटीसीवर असा टेकवलेला पाय मागच्या चाकाखाली सापडतो. पाय पायटावरून काढायचा नाही हा पहिला धडा आहे, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत मोकळ्या, सपाट, मऊ जमिनीवर सावकाश सराव करावा लागतो.

हे सगळे खरेदीच्या आधी सांगण्याला कारण आहे. ज्या गाडीला चुकीची सवलत नाही, तिच्यात ढिले बेअरिंग, वाकलेला फोर्क किंवा दोन टायरांमधला हवेचा फरक या किरकोळ बाबी उरत नाहीत.

कोणती निवडावी

पहिल्यांदाच जुनी तीनचाकी घेणाऱ्यासाठी होंडाच्या एटीसी११०, १८५एस, २००एस किंवा बिग रेड या गाड्या सोयीच्या ठरतात. हवेने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन, साधी रचना आणि तुलनेने सहज मिळणारे सुटे भाग ही त्यांची जमेची बाजू. एटीसी९० आणि ११० यांचे आडवे सिलिंडर असलेले इंजिन होंडाच्या छोट्या मोटारसायकलींच्या घराण्यातलेच आहे, त्यामुळे त्यावर काम केलेले मेकॅनिक आणि त्यासंबंधीचे ज्ञान दोन्ही मुबलक आहेत.

एटीसी२५०आर, एटीसी३५०एक्स, यामाहाची ट्राय-झी आणि कावासाकीची टेकाटे यांची गोष्ट वेगळी. या वेगवान गाड्या फार थोडी वर्षे बनल्या. ३५०एक्स तर १९८५ आणि १९८६ या दोनच मॉडेल-वर्षांत निघाली. संग्राहक त्यांच्यामागे असतात, किंमत चढी असते आणि मूळ सुटे भाग मिळवायला चिकाटी लागते. टू-स्ट्रोक २५०आर ज्या तडाख्याने वेग घेते, त्यासाठी अनुभवी हात लागतो. सुरुवात इथून करू नये.

एटीसी९०च्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांच्या टायरला नेहमीसारखी लोखंडी रिम नव्हती. तसा टायर फाटला की दुरुस्ती अवघड आणि बदली मिळवणे त्याहून अवघड. १९७५ पासून धातूचे हब आले. प्रदर्शनासाठी जुनी गाडी हवी असेल तर गोष्ट वेगळी, चालवायची असेल तर नंतरची घ्यावी.

गाडी बघताना

पहिले काम नंबर तपासण्याचे. सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा नंबर वाचता आला पाहिजे, घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नसावा. १९८१ पासूनच्या गाड्यांचा सांगाडा क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यातले दहावे अक्षर मॉडेल-वर्ष सांगते. इंग्रजी ‘बी’ म्हणजे १९८१, ‘सी’ म्हणजे १९८२, असे करत ‘एच’ म्हणजे १९८७. विकणारा १९८५ची गाडी म्हणत असेल आणि दहावे अक्षर ‘डी’ असेल, तर सांगाडा १९८३चा आहे. अनेक ठिकाणी या गाड्यांना पूर्वी मालकीचे कागदच नसत. त्यामुळे नंबर लिहिलेली, दोघांच्या सह्यांची विक्रीपावती घ्यायलाच हवी. गाडी चोरीची नाही ना, हे स्थानिक पोलिसांकडून तपासून घेणे शहाणपणाचे.

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावून पाहावा. ते गरम असेल तर थंड इंजिन सुरू व्हायला त्रास होत असण्याची शक्यता धरावी. थंड इंजिन चोक ओढून दोनचार दोऱ्यांत किंवा किकांत सुरू व्हायला हवे. फोर-स्ट्रोक इंजिनातून निळा धूर आला तर ऑइल जळते आहे, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले गेली आहेत. टू-स्ट्रोकमध्ये थोडा धूर स्वाभाविक असतो, तिथे धुरावरून निदान करता येत नाही. ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. चिखलात बुडवलेल्या गाड्यांची ही हमखास खूण.

मग काँप्रेशन. गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडून मोजणी करावी आणि आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून पाहावा. कमी भरला तर सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगा आणि बोअरचा, न वाढल्यास व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. काही इंजिनांत किक हलकी जावी म्हणून काँप्रेशन सोडणारी यंत्रणा असते, तिथे आकडा मुळातच कमी येतो. म्हणून मॅन्युअल हवेच.

सांगाडा बघायला गुडघ्यावर बसावे लागते. हँडलखालचा स्टीअरिंग हेड, पायटांचे जोड आणि मागच्या ॲक्सलची बैठक या तीन ठिकाणी तडे जातात. नव्या रंगाखाली वेल्डिंगचे जाड ओघळ लपलेले असतात. पुढचे चाक उचलून फोर्क पुढे-मागे हलवावा, खडखड लागली तर स्टीअरिंगची बेअरिंगे गेली आहेत. मागची बाजू उचलून चाक वर-खाली आणि आत-बाहेर ओढून पाहावे. ॲक्सल फिरवताना चाकाचा मध्य हेलकावे खात असेल, तर ॲक्सल वाकला आहे. हबच्या आतले दाते झिजले असतील तर चाक ॲक्सलवर किंचित सरकते आणि गाडी पुढे-मागे ढकलली की टक् असा आवाज येतो. हा दोष वरवर लहान दिसतो, पण दुरुस्तीत नवा हब आणि कधी कधी नवा ॲक्सलही लागतो.

एअर फिल्टरचा डबा जागेवर आहे का, हे आवर्जून पाहावे. कित्येक मालकांनी तो काढून थेट कार्बोरेटरवर फिल्टर बसवलेला असतो. मग हवा जास्त, पेट्रोल कमी असे मिश्रण होते आणि जेट बदललेला नसेल तर इंजिन तापते. मूळ डबा शोधून आणणे कंटाळवाणे आणि खर्चिक काम आहे, किंमत ठरवताना ते धरावे.

घरी आणल्यावर

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत सर्वांत आधी बिघडते ती पेट्रोलची वाट. जुने पेट्रोल चिकट होते आणि कार्बोरेटरमधला केसाएवढ्या भोकाचा पायलट जेट बुजवते. गाडी चोकवर चालते आणि चोक बंद केला की बंद पडते, ही त्याची ठरलेली लक्षणे. कार्बोरेटर पूर्ण खोलून, रबरी भाग काढून साफ करावा लागतो. वरून नुसता फवारा मारून काम भागत नाही. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा खेचते, त्यामुळे लोखंडी टाकी आतून गंजते. टाकी साफ न करता कार्बोरेटर बसवला, तर गंजाचा चुरा पुन्हा तिथेच येऊन बसतो. म्हणून क्रम असा: टाकी, कॉकची जाळी, नळी, कार्बोरेटर. नळीत छोटा फिल्टर जरूर घालावा.

नट-बोल्ट सोडवताना एक बारीक गोष्ट पुष्कळांना महागात पडते. त्या काळच्या जपानी गाड्यांच्या स्क्रूवरचा अधिकचिन्हासारखा खाचा जपानी मानकाचा असतो. अमेरिकेत सर्रास मिळणारा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोके खराब करतो. जपानी मानकाचा स्क्रूड्रायव्हर स्वस्त आहे आणि पहिल्याच दिवशी वसूल होतो. ॲल्युमिनियमच्या इंजिनात बोल्ट जोर लावून आवळले की आटे जातात, त्यामुळे टॉर्क पाना वापरावा.

ऑइल घेताना डब्यावर ‘जेएएसओ एमए’ हे मानक पाहावे. या गाड्यांचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारींसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यांनी क्लच घसरू लागतो. अनेक जुन्या होंडा इंजिनांत कागदी ऑइल फिल्टर नसतोच. फिरणाऱ्या वाटीत गाळ कडेला फेकला जातो आणि जाळीत उरलेला कचरा अडकतो. नुसते ऑइल बदलून हा गाळ जात नाही. नवी घेतलेली जुनी गाडी असेल तर बाजूचे झाकण काढून ती वाटी आणि जाळी एकदा साफ करावीच. त्या गाळात धातूचे चमकदार कण दिसले, तर इंजिन पूर्ण खोलायची वेळ आली आहे.

एटीसी९० आणि ११०च्या व्हॉल्व्हमधली फट इंजिन थंड असताना ०.०५ मिलिमीटर ठेवायची असते. फीलर गेजने ती मोजायला अर्धा तास पुरतो. फट फार कमी झाली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. वाढली तर टकटक ऐकू येते. सुरुवातीच्या एटीसी९०मध्ये करंटसाठी पॉइंट असतात, ते झिजतात आणि त्यांची फटही अधूनमधून जुळवावी लागते. नंतरच्या गाड्यांत सीडीआय ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली आणि हे काम संपले.

टू-स्ट्रोक २५०आर घेतली असेल, तर एकदा लीकडाउन चाचणी केल्याशिवाय ती जोरात पळवू नये. इंजिनची तोंडे बंद करून आत थोडी हवा भरायची आणि दाब टिकतो का ते पाहायचे. क्रँकची सीले वाळलेली असतील तर तिथून जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. भर वेगात इंजिन जाम झाले की मागची चाकेही जाम होतात. सीलांची किंमत किरकोळ असते, पण ती बदलायला बरीच खोलाखोल करावी लागते.

मागच्या ड्रम ब्रेकमध्ये पाणी आणि चिखल शिरतो. ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. त्या काळच्या अनेक ब्रेक शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. ब्रेकच्या केबली गंजलेल्या असतील तर ऑइल घालून पाहत बसू नये, नव्या टाकाव्यात. थ्रॉटलची केबलही त्याच यादीत येते. अंगठ्याने दाबायचे थ्रॉटल सोडल्यावर झटक्यात परत आलेच पाहिजे, आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून ते पुन्हा तपासायचे.

टायर म्हणजेच सस्पेन्शन

एटीसी९०, ११० आणि १८५ या गाड्यांना स्प्रिंगचे सस्पेन्शन नाही. सगळे धक्के टायरच झेलतात. म्हणून हवेचा दाब इथे इतका नाजूक विषय आहे. मोटारीच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा असते, इथे बहुतेक मॉडेलना २ ते ४ पीएसआय पुरते. पेट्रोलपंपावरचे साधे गेज इतका कमी दाब मोजूच शकत नाही, त्यासाठी कमी दाबाचे खास गेज घ्यावे लागते. पंपावरच्या जोरदार हवेने टायर क्षणात जास्त फुगतो आणि फुटण्याचा धोका असतो. हातपंप किंवा पायपंप हाच योग्य. मागच्या दोन टायरांमध्ये अर्ध्या पीएसआयचा फरक पडला, तरी एका टायरचा घेर बदलतो आणि अखंड ॲक्सलमुळे गाडी एका बाजूला ओढू लागते.

टायरवरचे आकडे वाचायला सोपे आहेत. बिग रेडसारख्या गाड्यांवरचा २५×१२-९ म्हणजे उंची २५ इंच, रुंदी १२ इंच आणि रिम ९ इंचाची. एटीसी७०चा टायर १६×८-७ मापाचा. मागे दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा वेगवेगळे झिजलेले टायर कधीच ठेवू नयेत. बाजूच्या रबराला बारीक तडे गेले असतील, तर नक्षी शिल्लक असूनही टायर संपलेला आहे.

सुटे भाग, मॅन्युअल आणि आसन

होंडाचे काही भाग अजून कंपनीकडून मिळतात, काही बाहेरचे कारखाने बनवतात, आणि उरलेले मोडीत निघालेल्या गाड्यांमधून काढावे लागतात. पिस्टन-रिंगा, गॅस्केट, कार्बोरेटरचे किट, केबली, ब्रेक शूज, चेन-स्प्रॉकेट आणि बेअरिंगे मिळायला फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती मॉडेलपुरत्या बनवलेल्या गोष्टींची: ॲक्सल, हब, एअर फिल्टरचा डबा, प्लास्टिकची मडगार्डे, सीटचा पत्रा. म्हणून दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज बांधताना इंजिनापेक्षा या वस्तूंकडे आधी पाहावे. झिजलेले इंजिन ठरलेल्या पैशांत उभे राहते. हरवलेला डबा मात्र महिनोन्महिने सापडत नाही. बेअरिंगवर छापलेला क्रमांक घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेले, तर तेच माप कंपनीच्या नावाशिवाय कमी पैशांत मिळते.

होंडाचे मूळ सर्व्हिस मॅन्युअल किंवा क्लायमर या प्रकाशकाचे मॅन्युअल यांपैकी एक तरी हाताशी असावे. त्यातली मापे, टॉर्कचे आकडे आणि तारांचे नकाशे यांना पर्याय नाही. जोडीला एक वही ठेवावी: ऑइल कधी बदलले, कोणता जेट घातला, कुठला भाग कुठून आणला. ही वही पुढच्या मालकाच्याही उपयोगाची.

आणि चालवण्याचे नियम. हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंतचे जाड बूट, हातमोजे, लांब पँट. सीट लांब दिसली तरी ती चालकाला पुढे-मागे सरकता यावे म्हणून लांब आहे, मागे दुसरा माणूस बसवण्यासाठी नाही. मागे कुणी बसले की चालकाला वजन हलवता येत नाही आणि चढावर पुढचे चाक उचलले जाते. डांबरी रस्ता टाळायचा. आणि मोठ्यांची गाडी मुलांच्या हाती द्यायची नाही. १९८६च्या त्या ८६ हजार जखमींमागे हीच कारणे पुन्हा पुन्हा आली होती.

पुढे कधी गाडी विकायची वेळ आली, तर गिऱ्हाईकासमोर थंड इंजिन सुरू करून दाखवावे, माहीत असलेला प्रत्येक दोष सांगावा आणि मॅन्युअल, वही, कमी दाबाचे गेज या तिन्ही वस्तू गाडीबरोबर द्याव्यात. धोक्याची सूचना लिहिलेली चिकटपट्टी निघून गेली असेल, तर नवी लावावी. घेणारा गाडी लहान मुलासाठी नेतो आहे असे लक्षात आले, तर ९० सीसी आणि १६ वर्षे ही मर्यादा त्याला स्पष्ट शब्दांत सांगावी, आणि तो ऐकत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.